पट्टीवरचा बैल

मला बैल काढता येत नाही. हे नम्रपणा म्हणून सांगत नाही. अमरावतीच्या आसपासच्या चार-पाच तालुक्यांतली लेकरं याची साक्षीदार आहेत. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून माझी बरीच वर्षं गेली. तिथं सलाईनची सुई लावून झाली की ती हलू नये म्हणून वरून पांढरी चिकटपट्टी लावतात, आणि आमच्या वॉर्डाची रीत अशी की त्या पट्टीवर पेनानं काहीतरी चित्र काढून द्यायचं. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच माहीत नाही. रडणारं लेकरू पट्टीकडे पाहायला थांबतं, तेवढ्यात आपण दुसऱ्या खाटेकडे सटकायचं, एवढाच तिचा मूळ उपयोग. पण पुढं पुढं मुलं हात द्यायच्या आधीच फर्माईश करू लागली. पोपट, सूर्य, ट्रॅक्टर. आणि वऱ्हाडातली लेकरं ती, त्यामुळे सगळ्यात जास्त मागणी बैलाला. तान्ह्या पोळ्याला लाकडाचा बैल ओढत घरोघर फिरलेल्या पोरांना बैल कसा असतो हे नीट ठाऊक असतं. माझा बैल पाहून ती सुई विसरून हसायची.

माझं खरं काम वेगळं होतं. मी शीर शोधायची. हगवणीनं सुकून गेलेलं बाळ असो की तापानं फणफणलेलं गुटगुटीत पोर, सगळ्यांचे प्रयत्न फसले की हाक मला यायची. शीर डोळ्यांनी दिसत नाही, बोटाला कळते. मी लेकराला म्हणायची, ‘पंख्याकडे पाय आन् फुगा फुगव,’ ते पंख्याकडे पाहत गाल फुगवून खोटा फुगा फुगवू लागलं की मी डोळे मिटून बोट फिरवायची, आणि शीर सापडायची. यात फुशारकी नाही. बरं, थोडी आहे.

चित्रं काढायची माझी जोडीदारीण. आम्ही एकाच बॅचच्या. ती अकोटकडच्या शेतकऱ्याघरची, तोंडानं फटकळ आणि हातात कला. मी मूर्तिजापूरच्या मास्तराची पोर. मी टोचायचं, तिनं पट्टीवर काढायचं, अशी आमची वाटणी होती. डॉक्टर मंडळी आम्हाला बैलजोडी म्हणत. आम्हाला त्याचा राग येत नसे.

या बैलजोडीवर हक्क सांगणारी एक मुलगी होती. दर्यापूरकडच्या एका गावची, सात-आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या आणि समोरचे दात गायब. तिला थॅलेसेमिया होता. त्यात अंगात रक्त पुरेसं तयार होत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून लावावं लागतं. रांगत होती तेव्हापासून ती आमच्याकडे यायची, त्यामुळे वॉर्ड म्हणजे तिला मामाचं गाव. आली की आधी नवीन कोण कोण आलंय ते पाहायची, रडणाऱ्यांना ‘काही होत नाही रे, मुंगी चावते’ हे आमचंच वाक्य ऐकवायची, आणि मग खाटेवर चढून मला हाक मारायची. माझ्याशिवाय कुणाला हात द्यायची नाही. एकदा एका नव्या डॉक्टरला चावली होती. तिची आई बिचारी माफी मागत होती आणि ही शांतपणे माझी ड्युटी कधी आहे ते विचारत होती.

तिच्या बापाकडे बैलांची जोडी होती, म्हणून पट्टीवरच्या बैलाची ती परीक्षक. जोडीदारणीच्या बैलाला मान डोलवायची. एकदा जोडीदारीण रजेवर होती म्हणून मी काढला, तर हात वळवून वळवून पाहिलं आणि म्हणाली, “हा बकरा हाय. याले वशिंड कुठी हाय?” तेव्हापासून वॉर्डात माझ्या चित्रांना बकरे हेच नाव पडलं.

मग एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी वॉर्ड भरून वाहायला लागला. एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं, दोन ड्युट्यांचं काम एका ड्युटीत. अशाच एका दिवशी तिची रक्त लावायची पाळी आली. मी उजव्या हाताला शीर शोधली, हुकली. डाव्या हाताला शोधली, हुकली. पुन्हा टोचलं, पुन्हा हुकली. सारखं रक्त लावावं लागणाऱ्या मुलांच्या शिरा कडक होतात, लपतात, हे मला चांगलं माहीत होतं. पण तिच्या शिरा मला घरच्या रस्त्यासारख्या पाठ होत्या. ती रडली नाही. चावलीही नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत राग असता तर मला चाललं असतं, भीती होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा मला घाबरली. शेवटी डॉक्टरांनी पायाला शीर शोधली. त्या संध्याकाळी घरी चहा ओतायला गेले तर कप बशीवर वाजायला लागला.

तेव्हापासून समोर लेकरू असलं आणि सुई हातात घेतली की माझा उजवा हात कापायचा. मोठ्या माणसाला इंजेक्शन द्यायचं असलं तर काही नाही, स्थिर. थायरॉईड पाहिलं, साखर पाहिली, सगळं नीट. डॉक्टर म्हणाले, थकला आहात, जरा आराम करा. उन्हाळ्यात लहान मुलांच्या वॉर्डातल्या नर्सला आराम करा म्हणणं म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी मातीचे बैल करणाऱ्या कुंभाराला झोपा म्हणण्यासारखं आहे. जोडीदारणीनं कुणाला काही कळू न देता काम सांभाळून घेतलं. आमची वाटणी उलटी झाली. ती टोचायची, मी लेकरू धरायची आणि पट्टीवर बकरे काढायची.

असं किती दिवस चालणार? मी मेट्रनकडे गेले आणि मला डोळ्यांच्या वॉर्डात टाका म्हणून सांगितलं. तिथं मोतीबिंदूची म्हातारी माणसं असतात, डोळ्यांत थेंब टाकायचे असतात, आणि बैल कुणी मागत नाही. मेट्रनना वाईट वाटलं, पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. अकोल्याच्या ट्रेनिंगला तुम्हा दोघींची नावं गेलीत, ते उरकून या आणि मग अर्ज द्या, म्हणाल्या. जोडीदारणीला हे कळलं. मग औषधांच्या कपाटाजवळ गाठून तिनं विचारलं, “त्या पोट्टीले काय सांगशील?”

त्या पोट्टीची, म्हणजे दर्यापूरच्या मुलीची, रक्ताची पुढची पाळी आम्ही अकोल्याहून परतण्याच्या दुसऱ्याच दिवशी होती.

ट्रेनिंगचं नाव एवढं लांब होतं की ते वाचेपर्यंत दम लागायचा. सार इतकंच, की लहान मुलांच्या नर्सांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी. चित्रं काढून आणि मन जागेवर ठेवून. जोडीदारणीचं म्हणणं पडलं की काळजीच घ्यायची तर सुट्टी द्या, भर एप्रिलात अकोल्याला कशाला पाठवता. अकोल्याच्या उन्हात डांबराला चप्पल चिकटते, तिथं मन काय जागेवर राहणार? तरी आम्ही बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली, सोबत दोन दिवसांचे कपडे आणि आठवडाभर पुरेल एवढा कच्चा चिवडा. मूर्तिजापूरला गाडी थांबली तशी मी सवयीनं बंद पडलेल्या शकुंतला गाडीच्या रुळांकडे पाहिलं. ते गवतात बुडालेले होते. लहानपणी त्या छोट्या गाडीनं आम्ही अचलपूरला आत्याकडे जायचो. ती इतकी हळू चालायची की वडील म्हणत, हिच्यात बसलं की वेगळं ध्यान करावं लागत नाही.

हॉलमध्ये दोन कुलर होते आणि दोन्ही विमानासारखे ओरडत होते. शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या, तिशीतल्या, सुती साडी, मऊ आवाज. पहिल्या काही मिनिटांतच त्यांचा समज झाला की आम्ही सगळ्या त्यांच्यावर चिडलोय. त्या म्हणाल्या, आपण डोळे मिटूया. मागून एकीनं विचारलं, “काहून?” आमच्याकडे काहून म्हणजे नुसतं ‘का’, त्यात राग नसतो, पण मॅडमचा चेहरा एवढासा झाला. मग जोडीदारणीनं पुढं होऊन त्यांना चिवड्याचा डबा दिला आणि वातावरण निवळलं.

मला तर डोळे मिटणंच अवघड. शीर शोधताना मिटतात तेवढेच. एरवी ड्युटीवर डोळे मिटले तर मेमो मिळतो. मॅडम म्हणाल्या, श्वासाकडे लक्ष द्या, तो बदलू नका, नुसता पाहा. मला हसू आलं. हे तर आमच्या विहारातलं आनापान. दर रविवारी वंदना झाली की वडील मला शेजारी बसवायचे, श्वास पाहा म्हणायचे, आणि मी एक डोळा किलकिला करून खिरीच्या पातेल्यावर लक्ष ठेवायची. तेच शिकायला एवढ्या वर्षांनी सरकारनं मला अकोल्याला पाठवलं होतं. वडील असते तर पोट धरून हसले असते.

तरी मी मन लावून बसले आणि मला ते जमलंही. मॅडमनी विचारलं, काय जाणवलं? मी सांगितलं, श्वास नियमित आहे, मिनिटाला अठरा, नाक जरा चोंदलेलं आहे. त्या खूश झाल्या. “छान. हा तुमचा श्वास?”

“नाही, हिचा,” मी जोडीदारणीकडे बोट दाखवलं.

हॉलभर हशा झाला आणि मग एकेक जण कबूल होऊ लागली. सगळ्यांनी किलकिल्या डोळ्यांनी शेजारणीचाच श्वास मोजला होता. एकीनं तर चक्क घड्याळ लावून. लहान मुलांच्या नर्सला श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की ती समोरच्याची छाती पाहणार, तिला दुसरं काही सुचतच नाही. मॅडमही हसत होत्या. हसू ओसरल्यावर त्या मला म्हणाल्या, आता स्वतःचा पाहा. मी पुन्हा डोळे मिटले. चार-पाच श्वास झाले आणि माझं लक्ष सुटलं. शेजारणीचा धडधडीत कळत होता, माझा हाती लागेना. मला स्वतःचा रागच आला.

दुपारी जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी होती, वर तुपाची धार. रोडगे खाऊन जागं राहणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि नेमकं त्यानंतर मॅडमनी आम्हाला सतरंज्यांवर आडवं केलं. पायाच्या अंगठ्यापासून एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं होतं. मी अंगठ्यावरून घोट्यापर्यंत पोचले एवढं आठवतं. पुढच्या अवयवांचं मला काही सांगता येणार नाही. जाग आली तेव्हा चहा आला होता, हॉल घोरत होता, आणि मॅडम भिंतीला टेकून चिवडा खात शांत बसल्या होत्या. त्यांनी कुणालाही उठवलं नव्हतं. त्या बाई मला तिथून पुढं आवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी रंग आले. खडू, स्केचपेन, ब्रश, आणि प्रत्येकीला टॉवेलाएवढा मोठा कागद. मनात येईल ते काढा, कुणी मार्क देणार नाही, असं मॅडमनी सांगितलं. सगळ्या माना खाली घालून कामाला लागल्या. बऱ्याच वेळानं मॅडम फिरून आल्या आणि थबकल्या. आम्हीही एकमेकींचे कागद पाहिले. कुणाचा सूर्य, कुणाचा पोपट, कुणाचं फूल. सगळं कागदाच्या एका कोपऱ्यात, दोन बोटांच्या मापाचं. उरलेला कागद कोरा करकरीत. माझा बकराही तसाच, कोपऱ्यात अंग चोरून उभा.

मॅडमनी विचारलं, एवढा कागद असताना इतकं लहान का? मग जोडीदारणीनं मनगटावर दोन बोटं आडवी ठेवली. “एवढीच तं जागा असते, मॅडम.”

त्यांना उलगडा होईना, तेव्हा आम्ही त्यांना पट्टीची रीत सांगितली. अमरावतीच्या, अकोल्याच्या, सगळ्याच वॉर्डांत ती थोड्याफार फरकानं चालते हे आम्हालाही तेव्हाच कळलं. मॅडम ऐकता ऐकता पुढं सरकून बसल्या. मग म्हणाल्या, कुणाजवळ आहे का ती पट्टी? झाडून साऱ्या पर्स उघडल्या आणि प्रत्येकीतून एकेक रीळ बाहेर आलं. घराची किल्ली विसरेल, पण चिकटपट्टीचं रीळ आमच्या पर्समध्ये असतंच.

मॅडमनी कागद बाजूला ठेवायला सांगितले. दोघी-दोघींच्या जोड्या करा, म्हणाल्या, एकीनं दुसरीच्या हाताला पट्टी लावायची, त्यावर चित्र काढायचं, आणि बोलायचं ते जसं वॉर्डात लेकरांशी बोलता तसंच.

मी जोडीदारणीपुढे डावा हात धरला. ती म्हणाली, हा नाही, दुसरा. मी पदराखालून उजवा हात काढला. लेकराचा हात धरायची आमची एक पकड असते. अंगठा खालून, बोटं वरून, सुटणार नाही अशी घट्ट पण दुखणार नाही अशी. मी त्या पकडीत किती हात धरले असतील त्याला गणती नाही. पण त्या पकडीच्या आत मी कधी आले नव्हते. आत किती बरं वाटतं, हे मला माहीतच नव्हतं. सुई नसतानाही माझा हात तिच्या हातात थरथरत होता. मनगटाच्या जरा वर तिनं पट्टी चिकटवली, कारण पंजावर काही दिसलं की आमच्या इन्चार्ज ओरडतात, आणि तेवढी अक्कल तिला अकोल्यातही होती.

“बोल वो बाई,” ती म्हणाली, “काय काढू? पोपट काढू का फूल?”

केवढा साधा प्रश्न. दिवसातून वीसदा मी तो लेकरांना विचारत आले. मला काय पाहिजे ते शोधायला मी आत गेले आणि तिथं काहीच नीट लावलेलं नव्हतं. सगळं इतरांचं सामान. मला रडू फुटलं, चांगलं मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत. लाज वाटली नाही, कारण आजूबाजूला आणखी तिघी-चौघींचं तेच चाललं होतं आणि त्यांच्या जोडीदारणी त्यांना ‘झालं झालं, मुंगी चावली’ म्हणत होत्या. त्यामुळे रडता रडता हसूही येत होतं. हसणं आणि रडणं एकदम आलं की जो आवाज निघतो तो काही बाईच्या जातीला शोभणारा नसतो, पण फार मोकळं वाटतं.

“बैल,” मी म्हणाले.

तिनं काढला. शिंगांना गोंडे, पाठीवर झूल, आणि वशिंड असं की दर्यापूरच्या परीक्षकानं पैकीच्या पैकी मार्क द्यावेत. मग माझी पाळी आली तर तिनं मुद्दाम मोर मागितला. मी काढला तो कोंबडीकडे झुकला. ती म्हणाली, असू दे, अंडी तरी देईल. संध्याकाळी निघताना मॅडमनी सांगितलं की पट्टी काढू नका, आपोआप सुटेपर्यंत राहू द्या. माझ्या हाताबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी तो पाहिला होता हे मला कळलं, आणि विचारलं नाही याचं बरं वाटलं.

अमरावतीत परतल्यावर गिला वडा खाल्ल्याशिवाय घरी जायचं नाही असा जोडीदारणीचा नियम आहे. वड्याच्या हातगाडीजवळ उभ्या उभ्या दह्यानं भरलेलं तोंड पुसत तिनं विचारलं, अर्ज लिहिला का? मी म्हटलं, उद्या लिहिते. पट्टी हातावर होती, मन हलकं होतं, पण दोन दिवसांच्या रंगांनी हात बरा होतो यावर माझा विश्वास नव्हता. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर गेले. ठरवून गेले होते. पोट्टीला समोर बसवायचं, आजपासून ही दुसरी सिस्टर टोचेल म्हणून सांगायचं, आणि मग मेट्रनकडे जायचं. ती आईचं बोट धरून दारात आली. नेहमी तिथून पळत सुटते. त्या दिवशी पळाली नाही. हळूहळू चालत आली, खाटेवर चढली, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची नजर माझ्या मनगटावर गेली.

“तुले बी रक्त लावून रायले का?”

तिची आई ओशाळून तिला गप्प करू लागली. नाही गं, असं म्हणायला माझी जीभ वळलीच होती. पण मी म्हणाले, “हाव. थोडंसं.”

कोणी टोचलं, ते तिनं विचारलं. मी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या जोडीदारणीकडे बोट केलं. पोट्टीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“रडली का तू?”

“रडली. लय रडली.”

याचं तिला फार समाधान झालेलं दिसलं. पाठीमागचा एक हात पुढे आला आणि माझ्या पट्टीवरच्या बैलावरून बोट फिरवू लागला. हा तू नाही काढला, असं तिनं सांगून टाकलं. ते मला मान्यच होतं. मग ते बोट थांबलं.

“तुहा हात कापून रायला.”

इतक्या दिवसांत हे कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. डॉक्टर थकवा म्हणाले, जोडीदारीण काहीच म्हणाली नाही, मी डोळ्यांचा वॉर्ड म्हणाले. त्या पोरीनं जे होतं ते म्हटलं.

“हाव,” मी म्हणाले. “मले भेव वाटते.”

“कायचं?”

“तुले दुखवीन याचं.”

मग तिचा दुसरा हातही पुढे आला आणि तिनं माझं मनगट धरलं. अंगठा खालून, बोटं वरून. रांगत होती तेव्हापासून तिला त्याच पकडीत धरलं होतं आम्ही, तिला ती येणारच. तिच्या चिमुकल्या बोटांत माझं अर्धंच मनगट मावत होतं, तरी तिनं ते सोडलं नाही.

“पंख्याकडे पाय,” तिनं मला हुकूम केला, “आन् फुगा फुगव.”

मी पंख्याकडे पाहिलं आणि गाल फुगवून हवा सोडली. मोठ्ठा फुगव, ती म्हणाली. मी मोठ्ठा फुगवला. मला एकटीला जमत नाही असं वाटून तीही फुगवू लागली. शेजारच्या खाटेवरचं लेकरू आम्हाला पाहून फुगवू लागलं, मग त्याची आई. जोडीदारणीचे गालही हलत होते, ती आता नाही म्हणते. मी श्वास मोजला नाही. पण तो माझा होता, हे मला पक्कं कळत होतं. आत आला, बाहेर गेला, पुन्हा आत आला.

हात थांबला असं म्हटलं तर खोटं होईल. पण तो आता चारचौघांच्या हाताएवढाच हलत होता. पोट्टीनं माझ्याकडे निरखून पाहिलं, पास केलं, आणि आपला डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. मी डोळे मिटून बोट फिरवलं. आधी काही नाही. मग पुन्हा, हळू, घाई न करता. मनगटाच्या जरा बाजूला, कडक झालेल्या शिरेच्या शेजारी, एक बारीक शीर बोटाखाली उसळली. मी डोळे उघडले आणि सुई घातली. सुईच्या मागच्या नळीत रक्ताचा ठिपका दिसला.

“आली,” जोडीदारीण म्हणाली.

माझ्या आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल, आणि तो मी लपवलाही नाही. मी हसत होते, आई हसत होती, आणि पोट्टी मात्र आमच्याकडे लक्ष न देता पट्टीची वाट पाहत होती. जोडीदारणीनं पट्टी लावली आणि पेन काढलं. पोट्टीनं तिला थांबवलं. तू नको, हिले काढू दे, म्हणाली.

मी जीभ दातांत धरून, पूर्ण एकाग्र होऊन बैल काढला. मॅडमनी पाहिला असता तर त्यांना माझा अभिमान वाटला असता. पोट्टीनं हात वर धरला, वळवला, पुन्हा वळवला.

“बकराच हाय,” तिनं निकाल दिला. मग माझं तोंड पाहून तिला दया आली असावी. “राहू दे. पुढच्या खेपेले वशिंड काढजो.”

“हाव, काढतो,” मी म्हणाले.

म्हणून बसल्यावर मला कळलं की आपण काय कबूल केलं. जोडीदारणीला ते माझ्याआधी कळलं होतं. ट्रे उचलता उचलता, माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, “मेट्रन अर्जाची वाट पाहून रायल्या. सांगू का त्याईले, ते अजून बैल शिकून रायली म्हणून?”

“सांग,” मी म्हणाले, आणि पट्टीवर उरलेल्या जागेत वशिंड बसतं का ते पाहू लागले.